माकडहाडावरचं छिद्र

(दृश्य: सावदा. केळीच्या घडांनी भरत असलेला ट्रक. चालकाच्या सीटवर मधोमध भोक असलेली रबरी उशी.)

निवेदन:
सावदा-रावेरची केळी दिल्लीपर्यंत जाते. हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता, आणि तो सगळा बसून कापायचा. सीटवरची ही उशी, आपल्याला मूळव्याध आहे असं समजून त्यानं घेतलेली. चालक पंचविशीतला. माकडहाडाजवळ गाठ येते, ठणकते, फुटते, पू जातो, बरं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. घरी त्यानं एवढंच सांगितलंय, "माले बठता येत नही." नेमकं कुठे दुखतं, ते सांगितलेलं नाही.

सांगणार तरी कसं? जागाच तशी. जळगाव-धुळे रस्त्यावर मूळव्याध, भगंदर, फिशर अशा पाट्या चौकाचौकात दिसतील. या दुखण्याचं नाव त्यात असलंच तर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. पायलोनिडल सायनस.

(दृश्य: शाळेच्या फळ्यावर खडूनं काढलेली आकृती. कंबर, माकडहाड, नितंबांमधली घळ.)

निवेदन:
नितंबांच्या मधल्या घळीत, माकडहाडावर, अगदी मध्यरेषेत टाचणीच्या डोक्याएवढी एक-दोन छिद्रं दिसतात. आत कातडीखाली पोकळी, आणि पोकळीत बहुतेक वेळा केसांचा पुंजका. भगंदराचं छिद्र गुदद्वाराजवळ असतं आणि त्याची वाट आतून आतड्याच्या शेवटाशी जुळलेली असते. इथे तसा संबंध नसतो. अनुभवी सर्जनला नुसतं पाहूनच बहुतेक वेळा फरक कळतो. शंका असेल तरच एमआरआय.

हे तरुणांचं दुखणं. वयात आल्यापासून तिशीपर्यंत जास्त, चाळिशीनंतर क्वचित. पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त, पण मुलींना होत नाही असं नाही, आणि त्या आणखी उशिरा सांगतात. अंगावर दाट केस, वजन जास्त, घळ खोल, घरात आधी कुणाला झालेलं, आणि तासन् तास बैठक. मग तो ट्रॅक्टरवाला असो, नाहीतर धुळ्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीसाठी बारा-बारा तास खुर्ची न सोडणारा मुलगा.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. खडबडीत वाटेवरून धावणाऱ्या लष्करी जीप.)

निवेदन:
हर्बर्ट मेयो या इंग्रज सर्जननं १८३३ मध्ये याचं वर्णन केलं. आजचं नाव १८८० मध्ये बोस्टनच्या हॉजेस यांनी दिलं. पुढे बरीच वर्षं समज असा होता की हा जन्मतः राहिलेला दोष आहे. मग दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकी लष्करात जवळपास ऐंशी हजार जवान या दुखण्यानं रुग्णालयात भरती झाले आणि डॉक्टर त्याला 'जीपचा आजार' म्हणू लागले. खड्ड्यांतून आदळणारी जीप सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती, म्हणून दोष तिच्यावर गेला. आदळआपट दुखणं वाढवते हे खरं. पण आत शिरतो तो केस.

(दृश्य: बांधावरचं वाळलेलं गवत. पायजम्याला चिकटलेली कुसळं.)

निवेदन:
दिवाळीच्या सुमारास बांधावरून चालून या, पायजम्यात कुसळं रुतलेली सापडतील. कुसळ एकाच दिशेनं सरकतं, आत. केसाचंही तसंच. केसावर सूक्ष्म खवले असतात. त्याचं टोक एकदा कातडीत घुसलं, की उठता-बसता होणाऱ्या घर्षणानं तो पुढेच जातो, मागे येत नाही. शरीर त्याला परका समजतं, भोवती सूज येते, जंतू शिरले की पू होतो. अथेन्सचे लष्करी सर्जन कारिडाकिस यांनी हजारो रुग्णांवर शस्त्रक्रिया करून हेच मांडलं: सुटा केस, त्याला आत ढकलणारा जोर, आणि हार मानणारी कातडी.

याचा पक्का पुरावा नाभिकाच्या हातावर मिळतो. वर्षानुवर्षं केस कापणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात अगदी असंच छिद्र होतं, गिऱ्हाइकाच्या केसांमुळे. तिथे जन्मजात दोषाचा प्रश्नच उरत नाही.

(दृश्य: गावातलं सलून. मानेवरून मशीन फिरतंय. कापलेले बारीक केस कॉलरवरून पाठीत उतरतायत.)

निवेदन:
आता एक गंमत. २०१८ मध्ये जर्मन संशोधकांनी या पोकळ्यांतले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात मूळ नसलेले, टोकं धारदार कापलेली असे पुष्कळ तुकडे निघाले. डोक्याच्या केसांचे! म्हणजे सलूनमध्ये मानेवर पडलेले तुकडे पाठीवरून घरंगळत खाली त्या घळीत जाऊन बसतात. कटिंग करून आलेल्या पोराला आपल्याकडे आजी उंबऱ्याबाहेरच थांबवायची, "आधी अंघोळ, मग घरात." तिचं कारण शिवाशिवीचं होतं, ते सोडून द्या. अंघोळ मात्र ठेवा, आणि शर्टही बदला. पाणी माने-पाठीवरून खालपर्यंत नीट जाऊ द्या.

(दृश्य: मेडिकल दुकान. काउंटरवर गोळ्यांची पट्टी.)

निवेदन:
गाठ आली की घरी अळशीचं पोटीस बांधतात. कुणी बिब्बा लावतं. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात; तो मुळीच नको. पोटिसानं ठणका थोडा कमी होईल, पण आतला केस जागेवरच. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकचंही तेच. पू साचला असेल तर तो चीर देऊन काढावा लागतो. नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. चीर मध्यरेषेच्या जरा बाजूला दिली तर लवकर भरते. काहींचं तेवढ्यानं कायमचं थांबतं. बऱ्याच जणांचं उलटतं.

उलटलं की मूळ पोकळीचं काय करायचं हे ठरवावं लागतं, आणि इथे पर्याय बरेच आहेत. दुखणं लहान असेल तर फक्त छिद्रं खरवडून केस काढणं, आत फिनॉल हे रसायन सोडणं, दुर्बिणीतून साफ करणं किंवा लेझर. मोठी पोकळी कापून जखम उघडी ठेवली तर ड्रेसिंग आठवडे, कधी महिने चालतं. टाके घालून बंद केली तर लवकर सुटका. पण टाके कुठे? बरोब्बर मध्यरेषेत घातले तर जखम उसवण्याचा आणि दुखणं परतण्याचा धोका जास्त, कारण घाम, घर्षण, केस सगळं तिथेच जमतं. म्हणून कारिडाकिस, लिंबर्ग आणि बॅस्कम या सर्जनांच्या पद्धतींत टाक्यांची रेघ बाजूला नेतात आणि घळ उथळ करतात. डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा: टाके मध्यावर येणार की बाजूला? ज्यांना काही त्रासच नाही, नुसतं छिद्र दिसतं, त्यांनी मोठ्या ऑपरेशनची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: आयुर्वेद रुग्णालय. हळदीच्या रंगाचे दोरे.)

निवेदन:
खानदेशात क्षारसूत्राचा, म्हणजे औषधी लेपाचा दोरा बांधण्याचा पर्यायही लोक विचारतात. सुश्रुतानं नाडीव्रणासाठी, म्हणजे आत वाट गेलेल्या वाहत्या जखमेसाठी, तो सांगितलाय. दोऱ्यावर स्नुही या निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून एकवीस थर. बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीला नवं बळ दिलं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत जखम भरायला वेळ जास्त लागला, पण दुखणं परतण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र ती चाचणी भगंदराची होती. पायलोनिडलसाठी तेवढ्या तोलाचा पुरावा नाही, हे दोरा बांधून घेण्याआधी माहीत असावं.

जखम भरेपर्यंत आजूबाजूचे केस काढत राहावे लागतात. पुढेही लेझरनं केस काढले तर फायदा दिसतो. अमेरिकेत ११ ते २१ वयाच्या रुग्णांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेझर घेतलेल्यांपैकी वर्षभरात १०.४ टक्के जणांना त्रास परतला. न घेतलेल्यांत ३३.६ टक्के.

(दृश्य: सरकारी रुग्णालय, आरोग्यमित्राचा टेबल.)

निवेदन:
खर्चाचं विचारायचं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे आधी जा. कोणतं ऑपरेशन योजनेत बसतं ते तोच सांगेल. शेतकरी घरांत तारीख पेरणी आणि कापूस वेचणी पाहूनच ठरते. त्यात गैर काही नाही. ठरवून करायचं ऑपरेशन थोडं पुढे ढकलता येतं. मे महिन्याचा घाम टळला तर बरंच. पण गाठ लाल झाली, टणक झाली, ताप भरला, आणि त्यात मधुमेह असेल, तर पेरणी दुसऱ्याच्या हाती सोपवा आणि त्याच दिवशी सर्जन गाठा.