7 चं कार्ड कोण उलटणार?

(सांगलीत महाविद्यालयीन प्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, टेबलावर चार कार्डं आहेत असं समजा. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतात अ, क, 4 आणि 7. नियम असा: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळला गेलाय की नाही हे ठरवायला कोणती कार्डं उलटावीच लागतील?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1966 मध्ये हे कोडं मांडलं. अक्षरं अर्थात रोमन होती. बहुतेक लोक अ आणि 4 उलटतात. पण 4 च्या मागे काहीही निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही. 7 च्या मागे स्वर निघाला, तर नियम तिथल्या तिथे पडतो. म्हणून उलटायची ती अ आणि 7. हे ओळखणारे दहा टक्केही भरत नाहीत.

मला जे सांगायचंय ते सगळं या 7 मध्ये आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, मुलं व्याख्या चोख लिहितात. पण आपल्या मताला दुजोरा देणारं कार्ड उलटून झालं की ती थांबतात. तर्कदोषांची यादी पाठ करून घेतल्यानं हे सुटत नाही. उलट, यादी पाठ असलेला मुलगा समोरच्याच्या वाक्यावर दोषाचं नाव चिकटवतो आणि ऐकणं बंद करतो. याची मला अज्ञानापेक्षा जास्त काळजी वाटते.

मग करायचं काय? उत्तराचा एक धागा 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी दिला. कोडं तेच, फक्त नियम बदलला: बिअर पिणाऱ्याचं वय 19 च्या वर हवं. चार कार्डं म्हणजे चार माणसं: बिअर पिणारा, शीतपेय पिणारा, 22 वर्षांचा आणि 16 वर्षांचा. आता चौघांपैकी कोणाला तपासायचं? बिअर पिणाऱ्याला आणि 16 वर्षांच्या मुलाला. इथे सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी बरोबर आले. विषय ओळखीचा झाला, नियम मोडणारा कोण असू शकतो हे डोळ्यांसमोर आलं, आणि 7 चं कार्ड आपोआप उलटलं गेलं.

आपल्या वर्गातला ओळखीचा विषय कोणता? तासगाव-पलूसकडची मुलं असतील तर द्राक्षबाग. फळछाटणीनंतर कोणी सांगतं, ‘अमक्यानं हे औषध फवारलं आणि डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आली नाही, म्हणजे औषध लागू पडतं.’ फळ्यावर चार रकाने आखा: फवारलं-आली, फवारलं-नाही आली, नाही फवारलं-आली, नाही फवारलं-नाही आली. गावात चर्चा एकाच रकान्याची चालते. चौथा रकाना कोणी विचारलाय का? त्या बहारात पाऊसच नसेल, पानं कोरडी राहिली असतील, तर न फवारलेल्या बागेतही डावणी आली नसेल. बागायतदाराच्या मुलीला हे सांगावं लागत नाही, ओलाव्याशिवाय डावणी पसरत नाही हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तिला फक्त चौथ्या रकान्याकडे बघायला लावायचं.

नैयायिकांनी, म्हणजे आपल्या प्राचीन न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हेच केलं. धुरावरून अग्नी, हे अनुमान त्यांनी मान्य केलं. अग्नीवरून धूर, हे नाकारलं. कारण तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा: अग्नी आहे, धूर नाही. एका गोळ्यानं नियम पडलाच, शिवाय धुराला ओलं सरपण लागतं ही लपलेली अटही हाती आली. प्रतिउदाहरण शोधणाऱ्याला असं नवं ज्ञान मिळतं. आपण मात्र सव्यभिचार हेत्वाभास (साध्य नसतानाही हेतू आढळतो, तो तर्कदोष) म्हणून हे तीन गुणांच्या टीपेत बसवून टाकलंय.

दुसरी सवय पूर्वपक्षाची. विरोधकाचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल असं मांडायचं, मग खोडायचं. कृष्णाकाठीच, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तयार झालेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले, तेव्हा सनातन्यांच्या हातातलीच शास्त्रं घेऊन बोलले. समोरच्याचा ग्रंथ त्याच्याइतकाच वाचल्याशिवाय हे जमत नाही.

‘अभ्यासक्रमात वेळ नाही’ असं तुम्ही म्हणाल. वेगळा तास नकोच, एक गृहपाठ पुरे. विधान द्या: ‘सांगलीचा पूर अलमट्टीमुळे येतो.’ 2005 आणि 2019 चे महापूर आपण भोगलेत, आणि सांगलीच्या खाली कृष्णेवरच असलेल्या या धरणाची पातळी 519.60 वरून 524.256 मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा इरादा असल्यानं प्रश्न जिवंत आहे. मुलांनी आधी दोन्ही बाजू लिहाव्यात. मग लिहावं: हे खरं असेल तर सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आणि अलमट्टीतला साठा यांचा दिवसागणिक मेळ कसा दिसायला हवा? कोयनेचा विसर्ग, वारणेचं पाणी, पाणलोटातला पाऊस यांचा वाटा वेगळा कसा काढणार? आणि शेवटी, कोणती माहिती हाती आली तर मी माझं मत सोडेन?

ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं, त्या मुलाला हा शेवटचा प्रश्न जड जाईल. त्याला आठवडा जास्त द्या, पण प्रश्न गाळू नका. दहापैकी पाच गुण न पटणाऱ्या बाजूच्या प्रामाणिक मांडणीला, पाच शेवटच्या प्रश्नाला. निष्कर्ष कोणाच्या बाजूनं निघाला, याला गुण नाहीत.