नातं संपलं, हप्ता चालू

श्रोतेहो, नमस्कार.

दोघांनी मिळून कर्ज काढलं, घर घेतलं, ते भाड्याने दिलं आणि पुढे दोघांचं फाटलं. आता भांडण पेटतं ते घर कोणाचं यावरून. मला विचाराल तर पहिला प्रश्न तो नाहीच. आधी बघा, कर्जावर सह्या कोणाच्या आहेत.

मालक कोण, हे खरेदीखत सांगतं. देणेकरी कोण, हे कर्जाचा करार सांगतो. खरेदीखतावर नाव नाही, पण कर्जावर सही आहे, अशीही माणसं असतात. मालकी शून्य आणि जबाबदारी पूर्ण! सहकर्जदार म्हणजे निम्म्या कर्जाचा धनी, हा समजही असाच फसवा. करारात जबाबदारी सहसा संयुक्त आणि वैयक्तिक अशी दोन्ही असते. एकाने हात वर केले की बँक सगळी थकबाकी दुसऱ्याकडे मागू शकते. घटस्फोटाच्या तडजोडीत ‘हप्ते तो भरेल’ असं लिहून घेतलं, न्यायालयाने ते मान्यही केलं, तरी बँक त्या तडजोडीत पक्षकार नव्हती. तिच्या लेखी तुम्ही दोघंही कर्जदारच. हप्ता चुकला की दोघांचीही पत घसरते. आणि स्वतःसाठी नवं कर्ज मागायला गेलात की हे जुनं कर्ज आधी पुढे येतं.

‘मला काही नको, तूच ठेव घर,’ असं म्हणून रागाच्या भरात हक्क सोडून मोकळे होणारे असतात. मोकळे होतात ते फक्त मालकीतून. हक्क सोडल्याचा कागद करायचाच, तर बँकेने कर्जातून तुमचं नाव लेखी कमी केल्यावर करा, फार तर त्याच दिवशी. त्याआधी कधीही नाही. नाव कमी करण्याआधी बँक मागे राहणाऱ्याचं एकट्याचं उत्पन्न तपासते. ते पुरेसं नसेल तर नकार मिळतो. मग त्याने दुसरीकडून स्वतःच्या नावावर कर्ज घेऊन हे फेडायचं, नाहीतर घर विकायचं. बोलणंच बंद झालेलं असेल, तर मला विक्रीच बरी वाटते.

वाटणीला येते ती घराची किंमत नव्हे. किंमत 100 धरली आणि कर्ज 60 बाकी असेल, तर वाटायला उरतात 40, आणि विक्रीचा खर्च, कर हेही त्यातूनच जायचे. ‘पाच वर्षं हप्ते मी भरले’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक आकडा बघावा. 20 वर्षांच्या, 9 टक्के दराच्या कर्जात पहिल्या हप्त्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग व्याजात जातो. पाच वर्षांनी मुद्दल फिटलेलं असतं जेमतेम 11 टक्के. भरलेली रक्कम मोठी, पण घरातला वाटा तेवढा वाढलेला नसतो.

त्यात भाडं आलं की हिशोब आणखी अडतो. भाडं एकाच्या खात्यात, हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून. एक म्हणतो हप्ते माझ्या खिशातले, दुसरी म्हणते ते भाड्यातूनच गेले. घर रिकामं होतं तेव्हाचा हप्ता कोणी भरला, गळती कोणी दुरुस्त केली, यावर तर दोघांच्या आठवणी कधी जुळत नाहीत. वाद मिटेपर्यंत एक वेगळं खातं ठेवा. भाडं त्यातच जमा, हप्ता आणि दुरुस्ती त्यातूनच. मागच्या वर्षांचे बँकेचे उतारेही आत्ताच काढून ठेवा. लग्न न करता एकत्र राहिलेल्यांनी तर नक्कीच. घटस्फोटाच्या कायद्याने होणारी वाटणी त्यांना बहुतेक ठिकाणी लागू होत नाही, कागदावरचा हिस्सा आणि पैशाची नोंद एवढाच आधार.

राहता राहिला भाडेकरू. त्याला दोघांचेही फोन येतात, ‘भाडं मला दे.’ बिचारा भाडं थांबवतो, आणि मग हप्ताही थांबतो. मालकी बदलली तरी चालू भाडेकरार सहसा मुदतीपर्यंत टिकतो. म्हणून भाडं कोणत्या खात्यात भरायचं, हे दोघांच्या सहीच्या एकाच पत्राने त्याला कळवा. त्याची अनामत रक्कम सध्या कोणाकडे आहे, तेही त्याच पत्रात लिहा. घर सोडताना तो ती मागणार, त्यामुळे वाटणीच्या हिशोबात ती देण्याच्या बाजूला धरा.