ताप नसलेलं आजारपण

(दृश्य: पहाट. पलंगाच्या कडेला बसलेला माणूस, हातात थर्मामीटर.)

आकडा 98.4. ताप नाही. आणि याचा जीव खट्टू होतो, कारण ताप असता तर रजा मागायला तोंड राहिलं असतं. ‘बरं वाटत नाहीये’ असा मेसेज तो लिहितो आणि पुसून टाकतो. काय होतंय असं साहेबांनी विचारलं, तर सांगायचं काय?

सांगण्यासारखं खूप आहे. महिनोन्‌महिने रात्री उशिरापर्यंत काम. झोप लागत नाही, लागली तरी पुरत नाही. साध्या मेलचं उत्तर लिहायला तास जातो. ज्या सहकाऱ्यांशी छान जमायचं, त्यांचा फोन वाजला तरी आता चीड येते.

1974 साली मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची हीच दशा पाहिली आणि तिच्याविषयी ‘बर्नआउट’ या नावाने लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून.

मग रजा कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांनी याच संघटनेचा आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2021 सालचा अभ्यास पाहावा. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा 17 टक्क्यांनी. एवढं पणाला लागलेलं असताना रजा घेणाऱ्याला कामचुकार म्हणणं अन्यायाचं आहे.

(दृश्य: तोच माणूस पुन्हा मेसेज लिहितो.)

पोटदुखीची थाप मारायची गरज नाही. ‘तब्येत ठीक नाही, आज रजेवर आहे’ हे खरंच आहे. रजा लांबणार असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि नुसतं ‘थकवा आहे’ म्हणून थांबू नका. कामाचे तास, झोप, छातीतली धडधड, मनात येणारे काळे विचार, सगळं सांगा. रक्त कमी असणं, थायरॉइड, नैराश्य यांतही असाच थकवा येतो. ते तपासायलाच हवं.

आणि त्या दिवशी लॅपटॉप उघडू नका. एका मेलचं उत्तर दिलं की पाठोपाठ दुसरा येतोच.

रजेने झोप भरून निघेल, कामाचा डोंगर मात्र तसाच असेल. म्हणून परतल्यावर साहेबांशी पहिलं बोलणं त्याचंच हवं: कोणतं काम काढून घेणार, ते कुणाकडे जाणार, संध्याकाळी किती वाजल्यानंतर फोन येणार नाही. जे ठरेल, ते त्याच दिवशी मेलवर लिहून घ्या.