हजेरीपटावरचा बावीस नंबर : युजी नाकाझावा

श्रोतेहो, नमस्कार.

कबड्डीच्या मैदानावर कोपरा सांभाळणाऱ्या खेळाडूने चढाईपटूचा पाय पकडला, की पंच शिट्टी वाजवतो, गुण मिळतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. फुटबॉलमधल्या बचावपटूच्या वाट्याला एवढेही येत नाही. त्याने आपले काम चोख केले तर मैदानावर काहीच घडत नाही, आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून अशा खेळाडूची कारकीर्द मोजायची असेल, तर गोल बाजूला ठेवून त्याचा हजेरीपट उघडावा, असे मला वाटते. जपानचा निवृत्त मध्य-बचावपटू युजी नाकाझावा याच्याविषयी मी आज त्याच दृष्टीने बोलणार आहे.

नाकाझावाचा जन्म 25 फेब्रुवारी 1978 चा, सैतामा प्रांतातल्या योशिकावा इथला. जपानची व्यावसायिक जे-लीग 1993 मध्ये सुरू झाली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. मात्र शाळा संपली तेव्हा एकाही क्लबाने त्याला करार दिला नाही. तो थेट ब्राझीलला गेला आणि मिनास जेराइस राज्यातल्या अमेरिका या क्लबात हौशी खेळाडू म्हणून राहिला. परतल्यावर 1998 मध्ये व्हर्डी कावासाकी या नावाजलेल्या क्लबाने त्याला ठेवून घेतले, पण बिनपगारी शिकाऊ म्हणून. म्हणजे सरावाला यायचे, घाम गाळायचा आणि महिनाअखेरीस रिकाम्या हाताने घरी जायचे. आपल्याकडे याला उमेदवारी म्हणतात, आणि ती कशी असते हे ज्याने केली आहे त्यालाच ठाऊक. पुढच्याच वर्षी त्याला व्यावसायिक करार मिळाला, वर्षाच्या शेवटी लीगमधला सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून तोच निवडला गेला, आणि त्याच 1999 मध्ये तो राष्ट्रीय संघातूनही खेळला.

एक मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर उंची आणि त्यावर पिंजारलेल्या केसांचा भला मोठा संभार, यामुळे प्रेक्षकांनी त्याचे नाव ‘बॉम्बर’ ठेवले. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तो खेळला आणि त्याच वर्षी लेबनॉनमध्ये आशियाई चषक जिंकणाऱ्या संघातही होता. असे असूनही 2002 चा विश्वचषक जपानच्या अंगणात आला, तेव्हा तेवीस जणांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. त्याच वर्षी तो योकोहामा एफ. मारिनोसकडे गेला आणि पुढची सतरा वर्षे तिथेच, बावीस क्रमांकाच्या जर्सीत, राहिला.

मारिनोसच्या बचाव फळीत त्याचा जोडीदार होता नाओकी मात्सुदा, आणि प्रशिक्षक होते ताकेशी ओकादा. या संघाने 2003 आणि 2004 अशी लागोपाठ दोन वर्षे लीग जिंकली. 2004 मध्ये लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान नाकाझावाला मिळाला. हा मान सहसा गोल करणाऱ्यांच्या किंवा करवणाऱ्यांच्या पदरात पडतो, तो एका बचावपटूला मिळाला, याची नोंद घ्यायला हवी.

2004 या वर्षाजवळ थोडे थांबू या, कारण त्यात आपलाही संबंध येतो. जून महिन्यात विश्वचषक पात्रता फेरीसाठी भारताचा संघ सैतामाला गेला आणि सात-शून्य असा हरला. त्या सातांपैकी दोन गोल या बचावपटूचे होते, तेही त्याच्या स्वतःच्या प्रांतात. आपल्या बाजूने पाहता आठवण कडू आहे, पण ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

त्यानंतर ऑगस्टमध्ये, चीनमधल्या जिनान शहरात, आशियाई चषकाचा उपांत्य सामना झाला. समोर बहरीन होते. प्रेक्षक जपानवर नाराज होते आणि चेंडू जपानकडे आला की हुर्यो उडवत होते. पूर्वार्धातच जपानचा एंदो लाल कार्ड मिळून बाहेर गेला आणि जपानकडे दहाच खेळाडू उरले. तरीही एका गोलने मागे असलेल्या जपानने दोन गोल करून आघाडी घेतली, पण बहरीनने बरोबरी साधली आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला तिसरा गोल मारून ते पुढे गेले. नव्वदावे मिनिट लागले तेव्हा आपली जागा सोडून नाकाझावा प्रतिस्पर्ध्यांच्या गोलसमोर जाऊन उभा होता. डावीकडून आलेल्या चेंडूवर त्याने अंग झोकून दिले आणि तो डोक्याने जाळ्यात धाडला. तीन-तीन. जादा वेळेत तामादाने चौथा गोल केला, आणि चार दिवसांनी बीजिंगमध्ये यजमान चीनला तीन-एक असे हरवून जपानने चषक राखला.

दोन वर्षांनी जर्मनीतल्या विश्वचषकात याच्या उलट घडले. कैझर्सलाउटर्नमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध जपान चौऱ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एक गोलने पुढे होता, आणि उरलेल्या आठ-नऊ मिनिटांत त्यांच्यावर तीन गोल झाले. शेवटच्या साखळी सामन्यात ब्राझीलने चार-एक असा पराभव केला. ज्या देशात तो फुटबॉल शिकायला गेला होता, त्याच देशाने जपानला स्पर्धेबाहेर काढले. नाकाझावाने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला, पण 2007 मध्ये तो परत आला.

2010 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकासाठी प्रशिक्षक पुन्हा ओकादाच होते. संघाची घडी बसत नव्हती. स्पर्धेच्या तोंडावर त्यांनी कर्णधारपद नाकाझावाकडून काढून तरुण हासेबेकडे दिले. 30 मे रोजी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात इंग्लंडशी सराव सामना झाला. त्यात जपानने आधी आघाडी घेतली, आणि मग उत्तरार्धात आधी तुलिओ तनाकाने व नंतर नाकाझावाने, अशा दोन्ही मध्य-बचावपटूंनी, चेंडू आपल्याच जाळ्यात घातला. कर्णधारपद गेलेल्या खेळाडूवर एकाच सामन्यात स्वयंगोलाचीही नामुष्की यावी, हे जरा अतिच झाले. पण स्पर्धा सुरू झाली आणि याच दोघांनी मध्यभाग असा बंद केला, की चार सामन्यांत जपानवर दोनच गोल झाले. कॅमेरून आणि डेन्मार्क यांना हरवून जपान बाद फेरीत गेला, आणि तिथे गोलशून्य बरोबरीनंतर पॅराग्वेकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हरला. ओकादांचा तो निर्णय योग्य होता की नाही, हे मी ठरवू शकत नाही. नाकाझावाने त्यावरून हात आखडला नाही, एवढे मात्र त्या चार सामन्यांत दिसले. राष्ट्रीय संघाकडून त्याचे सामने भरले 110 आणि गोल झाले 17.

2011 च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या क्लबाकडे गेलेला मात्सुदा सरावात हृदय बंद पडून गेला, आणि मारिनोसने त्याचा तीन क्रमांक कायमचा निवृत्त केला. 2013 मध्ये मारिनोस पुन्हा विजेतेपदाच्या उंबरठ्यावर आला. 30 नोव्हेंबरला योकोहामाच्या मैदानावर 62,632 प्रेक्षक जमले, संघ निइगाताकडून हरला, पुढचा सामनाही हरला आणि लीग हिरोशिमाने नेली. 1 जानेवारीला सम्राट चषकाच्या, म्हणजे लीगहून वेगळ्या असलेल्या जपानच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात तोच हिरोशिमा समोर आला. मारिनोसने दोन-शून्य असा विजय मिळवला, आणि दुसरा गोल पस्तिशीच्या नाकाझावाचा होता.

आता हजेरीपट. 2013 च्या मध्यापासून 2018 च्या ऑगस्टपर्यंत, लीगचे सलग 178 सामने तो पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानावर होता. ना सर्दी-पडसे, ना लचक, ना निलंबन. ही साखळी सुरू झाली तेव्हा त्याचे वय पस्तीस होते, आणि ती चाळिशी ओलांडल्यावर तुटली, तीही गुडघ्याने साथ सोडली म्हणून. 2019 च्या जानेवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली. पहिल्या श्रेणीतले त्याचे सामने झाले होते 593. ज्याने सुरुवात बिनपगारी सरावाने केली, त्याच्या नावावर हा आकडा आहे.

निवृत्तीनंतर तो लॅक्रॉस हा खेळ मुलींना शिकवू लागला. काठीला लावलेल्या जाळीत चेंडू झेलायचा तो खेळ. सरावाला वेळेवर यायचे, हे तिथेही चुकत नसणार.