सर्वांत लांब कड

सोलापूर, अक्कलकोट रोडची एमआयडीसी. समजा, इथल्या एका रंगखान्यात टॉवेलच्या सुतासाठी तपकिरी रंगाची एक ठरावीक शेड हवी आहे. रंग तीन: लाल, पिवळा, निळा. तिघांचं प्रमाण मिळून कायम १०० टक्के, म्हणजे दोन ठरले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे प्रत्येक मिश्रण म्हणजे एका त्रिकोणातला एक बिंदू आहे. कोपऱ्यांत निव्वळ एकेक रंग, कडांवर दोघांची मिश्रणं, आत तिघांची. चौथा रंग आला की त्रिकोणाचा चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंची घनाकृती, होतो. कितीही रंग घ्या, या आकृत्यांच्या कुळाला गणितात सिंप्लेक्स म्हणतात.

एक बिंदू तपासायचा म्हणजे नमुना रंगवायचा, धुवायचा, वाळवायचा आणि हव्या शेडशी ताडून बघायचा. पाणी जपून वापरणाऱ्या या शहरात असे नमुने जितके कमी लागतील तितकं बरं.

१९६० साली एल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोघींनी पूर्णांकी, म्हणजे ज्यांचं उत्तर पूर्ण संख्यांतच हवं अशा प्रश्नांसाठी ‘ब्रँच अँड बाउंड’ (तुकडे करा आणि निरुपयोगी ते सोडून द्या) ही पद्धत मांडली. तोच विचार इथे लागू पडतो. त्रिकोणाचे तुकडे करत जायचे. प्रमाण जरासं बदललं तर शेडही जराशीच बदलते. म्हणून एखाद्या छोट्या तुकड्याचे सगळे कोपरे हव्या शेडपासून फार दूर असतील, तर तो तुकडा आत न डोकावता सोडून देता येतो. तुकडा लांबट, चिंचोळा असला तर मात्र हे चालत नाही. त्याचं क्षेत्रफळ कितीही कमी असो, टोकं एकमेकांपासून लांबच राहतात आणि आत काय असेल याची खात्री देता येत नाही.

म्हणून सर्वांत लांब कड मधोमध कापायची. रोझेनबर्ग आणि स्टेंगर या गणितज्ञांनी १९७५ साली सिद्ध केलं, की त्रिकोण असा कितीही वेळा कापला तरी कुठलाही कोन मूळच्या सर्वांत लहान कोनाच्या निम्म्याखाली जात नाही. समभुज त्रिकोणापासून सुरुवात केली तर शेवटपर्यंत फक्त तीनच आकार दिसतात. मला हे फार सुंदर वाटतं.

चतुष्फलकात खरी निवड करावी लागते. समभुज चतुष्फलक एकदा कापला की प्रत्येक अर्ध्यात तीन कडा सारख्याच लांब उरतात. आधी कापलेल्या कडेच्या समोरची कड निवडली तर दोन्ही तुकडे एकाच आकाराचे येतात. उरलेल्या दोघींपैकी एक निवडली तर वेगवेगळ्या आकारांचे. या निवडीनुसार पुढे तपासायच्या तुकड्यांची संख्या कमीजास्त होते, आणि रंगांबरोबर आकृतीच्या मिती वाढतात तसं तिचं महत्त्वही वाढतं.

तुकडे घनाकार न घेता सिंप्लेक्स घेतले की तपासायचे कोपरेही कमी लागतात: दहा मितींच्या घनाला १०२४ कोपरे असतात, सिंप्लेक्सला फक्त ११. एका कापात नवा बिंदू एकच येतो, कडेचा मध्य. तीच कड शेजारच्या तुकड्यांचीही असते. म्हणून त्या नमुन्याचा निकाल वहीत टिपून ठेवला, की शेजारचे तुकडे कापताना तो पुन्हा रंगवावा लागत नाही.