मुंबईची उंची कुठून मोजायची?

(पार्ल्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पावसाळ्यात पौर्णिमा-अमावास्या आली की एक बातमी हमखास येते. ‘आज समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा.’ मग मरिन ड्राइव्हवर गर्दी, कॅमेरे, पोलिसांच्या शिट्ट्या. बातमीतला आकडा लाटेचा नसतो, भरतीचा असतो. आणि ती भरतीही सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली नसते. भरती-ओहोटीच्या कोष्टकातलं शून्य जहाजांच्या सोयीचं असतं. गलबत तळाला टेकणार नाही ना, हा तिथला प्रश्न, म्हणून शून्य धरतात ते अगदी खालच्या ओहोटीच्या आसपास. मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या शून्यापेक्षा सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती सरासरी पातळीच्या वर दोनच मीटर चढते.

दोनच म्हटलं, पण मुंबईत ते पुष्कळ झालं. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्यांची कितीतरी पातमुखं, म्हणजे वाहिनीचं पाणी समुद्रात सोडणारी तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की पाणी समुद्रात जायचं सोडून तिथेच थांबतं. सात बेटांच्या मधल्या खाड्या बुजवून केलेली जमीन, आणि दादरजवळचा हिंदमाताचा सखल भाग तर चक्क बशीच. पत्रिकेवर ‘उपग्रह आणि नैसर्गिक आपत्ती’ असा भारदस्त विषय छापलाय, पण मी त्यातलं उंचीचंच प्रकरण लावून धरणार आहे. इथे पाणी तुंबणार की नाही, याचा निकाल अर्ध्या-पाऊण मीटरवर लागतो आणि नकाशे नेमके तिथेच दगा देतात.

आधी शून्याचा घोळ. महापालिकेच्या पर्जन्यवाहिन्यांचे आराखडे बघितलेत तर किनाऱ्याजवळच्या सखल रस्त्याचीही उंची वीस मीटरच्या पुढे लिहिलेली दिसेल. घाबरू नका. ती ‘टाउन हॉल डेटम’वरून मोजलेली असते, म्हणजे फोर्टातल्या ज्या टाउन हॉलमध्ये आज एशियाटिक सोसायटी आहे, त्याच्या नावाची संदर्भपातळी. तिचं शून्य समुद्राच्या बरंच खाली धरलंय. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे सरासरी समुद्रपातळी धरतात. ती १९०९ मध्ये देशाच्या किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणांच्या भरती-नोंदींवरून ठरवली. मुंबईचं अपोलो बंदर त्यातलं एक. तिथे १८७८ पासून समुद्राची उंची टिपली जातेय. आणि तिसरं शून्य उपग्रहांचं. जीपीएस पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती आकार धरून उंची सांगतं. आपल्या भागात गुरुत्वाकर्षण थोडं कमी असल्यामुळे खरा समुद्र त्या गणिती आकाराच्या बराच खाली बसतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खड्डा शंभर मीटरहून खोल आहे. त्यामुळे नरिमन पॉइंटच्या कठड्यावर उभं राहून जीपीएसचा कच्चा आकडा वाचला, तर आपण उणे साठ मीटरच्या आसपास, म्हणजे समुद्राच्या तळाशी उभे आहोत असं दिसतं!

आता विचार करा. नाल्याची पातळी एका शून्यावरून, भरती दुसऱ्यावरून, ड्रोनने केलेलं सर्वेक्षण तिसऱ्यावरून. तिन्ही जुळवल्याशिवाय संगणकावर पूर आणला, तर चित्र छानच येतं, फक्त पाणी भलत्याच गल्लीत शिरतं.

दुसरा प्रश्न, उंची कशाची? फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ हे अंतराळयान अकरा दिवस रडार घेऊन पृथ्वीभोवती फिरलं आणि जगाच्या बहुतेक जमिनीची उंची मोजून आलं. ती माहिती आज फुकट मिळते, म्हणून कॉलेजच्या प्रकल्पांपासून सल्लागारांच्या अहवालांपर्यंत सगळे तीच वापरतात. पण त्या रडारला रस्ता दिसत नाही, छप्पर दिसतं. पडद्यावर ही रेघ बघा, त्याच रडारच्या आकड्यांवरून जमिनीचा चढउतार दाखवणारी, माहीमच्या खाडीतून धारावीवरून शीवकडे काढलीय. सुरुवातीलाच ही टेकडी दिसतेय ना? तिथे टेकडी नाही, खारफुटी आहे. रडारने झाडांचे शेंडे मोजलेत. पुढे धारावीत जमीन वर चढल्यासारखी वाटते, ते पोटमाळ्यांवरचे पत्रे. या रेघेवर विसंबून पुराचा नकाशा केला की सगळ्यात दाट वस्ती सगळ्यात सुरक्षित ठरते. चूक यंत्राची नाही. अख्ख्या पृथ्वीसाठी केलेल्या मोजणीतून आपण गल्लीचा उंबरठा शोधायला निघालो, तर दोष आपला. उंबरठ्यासाठी लेझरची हवाई मोजणी लागते, नाहीतर ऑटो लेव्हल, म्हणजे तिपाईवरची पातळी मोजणारी दुर्बीण, आणि पट्टी घेऊन चालत जावं लागतं. २०२१ पासून नकाशांवरचे जुने निर्बंध बरेच सैल झाले आहेत, तेव्हा परवानगीची सबब आता फारशी चालणार नाही.

मग उपग्रह काय कामाचे? पुष्कळ कामाचे, पण कुठे ते बघावं लागतं. साधा फोटो काढणारा उपग्रह जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगांचेच फोटो काढतो. म्हणून रडार. युरोपचा सेंटिनेल-१ सुमारे साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी सोडतो. त्या ढगांतून, अंधारातून आरपार येतात. स्थिर पाण्यावर पडल्या की तिरप्या निघून जातात, उपग्रहाकडे परतत नाहीत, म्हणून पाणी काळं दिसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला हे तंत्र उत्तम चाललं, कारण उसाच्या फडांत पाणी दिवसेंदिवस उभं होतं. मुंबईत तसं होत नाही. एक तर सांताक्रूझची धावपट्टीसुद्धा काळीच दिसते. गुळगुळीत डांबर आणि पाणी यांत रडारला फरक कळत नाही, आणि शेजारून, खरं तर खालूनच, मिठी नदी वाहतेय. दुसरं म्हणजे पाणी भरलेल्या गल्लीत लहर आधी पाण्यावर आणि मग भिंतीवर आपटून सरळ माघारी येते. तिथे काळ्याऐवजी लख्ख पांढरं दिसतं. आणि तिसरं, सगळ्यात वाईट, उपग्रह ठरल्या दिवशीच येतो. मिलन सबवेचं पाणी दुपारी चढतं आणि रात्री उतरतं. ते काही त्याची वाट बघत थांबत नाही.

पाऊसही गल्लीगणिक बदलतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात! त्यामुळे ‘मुंबईत आज अमुक इतका पाऊस’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही.

दरडींबद्दल थोडक्यात. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये देशातल्या सुमारे ऐंशी हजार दरडींचा नकाशासंग्रह काढला, मोलाचं काम आहे. पण त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मुंबईत आणखी बारीक अडचण आहे. घाटकोपर, विक्रोळी, चेंबूरला झोपड्यांच्या पाठीमागे डोंगर उभा कापलेला असतो. समजा बारा मीटरचा सरळ कडा आहे. उपग्रहाच्या उंचीच्या नकाशात तीस-तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते; अशा चौकोनात तो बसवला की वीस-बावीस अंशांचा उतार होऊन जातो, आणि नकाशावर धोका ‘मध्यम’. पुन्हा उंचीच.

शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, ‘निसार’ आला, आता इमारती खचताहेत का ते कळेल का? ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला हा इस्रो आणि नासाचा संयुक्त उपग्रह. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर येतो. दोन फेऱ्यांमधल्या लहरींची तुलना करून जमीन काही मिलिमीटर हलली तरी ओळखता येते. भराव टाकलेला कुठला पट्टा बसतोय, हे त्यातून चांगलं कळेल. तुमच्या सोसायटीचा जिना कलतोय का, त्यासाठी संरचना अभियंताच बोलवा.

आणखी एक विनंती. २००५ चं पाणी तुमच्या इमारतीत कुठवर आलं होतं, ते जुन्या रहिवाशांना विचारून भिंतीवर तेलरंगाने रेघ मारा, तारीख लिहा. लेव्हल लावणारा सर्व्हेअर अर्ध्या दिवसात ती जवळच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची आधीच पक्की मोजलेल्या खुणेशी, जोडून देतो. संगणकावर केलेलं पुराचं प्रारूप खरं की खोटं, हे तपासायला आम्हाला अशाच रेघा लागतात, आणि रंगकाम काढलं की पहिल्या त्याच पुसल्या जातात.