डोळे मिटून संगीत ऐका आणि काय दिसतंय ते सांगा

नमस्कार मंडळी! आज गाईडेड इमेजरी अँड म्युझिकबद्दल बोलूया, शॉर्टमध्ये जीआयएम, म्हणजे संगीत ऐकता ऐकता मनात येणाऱ्या चित्रांवर काम करणारी एक थेरपी. आता गाईडेड म्हटलं की आपल्याला काय आठवतं, एक गोड आवाज सांगतोय की तुम्ही समुद्रकिनारी आहात, वारा सुटलाय, आणि मागे हळू पियानो चालू आहे. त्याने कुणाला झोप लागत असेल तर जरूर ऐका, माझं काही म्हणणं नाही. पण जीआयएममध्ये समुद्र कुणी देत नाही. संगीत लावतात, आणि काय दिसायचं ते तुमच्या आतूनच येतं, मला तर यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

हे आलं कुठून? हेलन बॉनी नावाच्या अमेरिकन बाई होत्या, मुळात व्हायोलिन वाजवायच्या, नंतर म्युझिक थेरपिस्ट झाल्या. १९७० च्या आसपास त्या बाल्टिमोरजवळ मेरीलँड सायकियाट्रिक रिसर्च सेंटरमध्ये काम करायच्या, तिथे तेव्हा एलएसडी, म्हणजे भास घडवणारं एक औषध, देऊन मानसोपचार करण्यावर संशोधन चालू होतं. पेशंट डोळ्यांवर पट्टी, कानाला हेडफोन लावून कितीतरी तास पडून असायचा, आणि औषध चढताना कुठलं संगीत लावायचं, अगदी भरात असताना कुठलं, उतरताना कुठलं, हे सगळं बॉनीबाई बघायच्या. डॉ. वॉल्टर पान्के यांच्यासोबत यावर लिहिलेला त्यांचा पेपरही १९७२ मध्ये छापून आला. याच काळात एलएसडीवर कायद्याने बंधनं आली, पण बाईंच्या लक्षात आलं होतं की शरीर नीट सैल सोडलं आणि संगीत बरोबर निवडलं तर औषध न घेताही माणूस खूप आतपर्यंत जाऊ शकतो. जीआयएम उभं राहिलं ते यातूनच.

पूर्ण सेशन दीड-दोन तासांचं असतं. आधी गप्पा, सध्या मनात काय चाललंय वगैरे, मग आडवं व्हायचं, श्वास, अंग सैल, आणि सुरुवातीला एखादं साधं चित्र घेऊन साधारण अर्धा-पाऊण तास संगीत. बॉनीबाईंचे प्रोग्राम पाश्चात्त्य क्लासिकलचे, बाख, बीथोवन, ब्राम्स असे, एकामागून एक ठरवून लावलेले. आणि महत्त्वाचं म्हणजे ऐकणारा गप्प नसतो, तो ऐकता ऐकता बोलत असतो. समजा तो म्हणाला, 'एक लाकडी दार दिसतंय, बंद आहे.' गाईड, म्हणजे सेशन घेणारी थेरपिस्ट, 'उघडा' असं म्हणत नाही. ती विचारते, 'कसं आहे दार?' 'त्याच्यासमोर उभं राहून काय वाटतंय?' एवढंच. उघडायचं की तिथेच बसून राहायचं हे ऐकणाऱ्याचं. तेवढ्यात खालच्या सुरात चेलो भरून येतो, आणि मघाशी नकोसं वाटणारं दार हात लावून बघावंसं वाटतं.

म्हणून संगीताची निवड हे इथलं खरं कौशल्य. माणूस आधीच खचलेला असेल तर संथ, पुढे काय येणार याचा अंदाज येणारं, सारखं आधार देणारं काहीतरी हवं. मोठे चढ-उतार, अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो असं संगीत तेव्हाच, जेव्हा माणूस तेवढं पेलू शकतो. शेवटी बऱ्याचदा कागदावर एक गोल देतात, त्यात रंगांनी हवं ते काढायचं, आणि मग त्यावर बोलायचं.

आता घरी काय करता येईल? हे पूर्ण सेशन नाही, फक्त मनाला आधार म्हणून हं. पाच-दहा मिनिटांचा एकच तुकडा घ्या, शब्द नसलेला, ज्याने तुम्हाला आधी बरं वाटलंय असा, बासरी, सरोद, व्हायोलिन काहीही चालेल. भावगीत नको, कारण शब्द आले की मन शब्दांमागेच जातं. आणि डाउनलोड करून ठेवा प्लीज, आलापाच्या मध्ये कर्जाची जाहिरात आली की सगळंच मोडतं. सुरुवातीला एखादी ओळखीची सुरक्षित जागा आठवा, आजोळची ओसरी म्हणा, गावचं देऊळ म्हणा, आणि मग सोडून द्या, संगीत नेईल तिकडे जा. काहीच 'दिसलं' नाही तरी ठीक आहे, कुणाला वास येतो, कुणाला छातीत ऊब जाणवते, कुणाला नुसता एखादा रंग, जीआयएममध्ये हे सगळं इमेजरीच धरतात. संपल्यावर लगेच व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका, दोन ओळी लिहा किंवा काहीतरी रेखाटा.

मध्येच घाबरायला झालं तर डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, संगीत बंद. आणि ज्यांना भास होतात, आवाज ऐकू येतात, मूड फार टोकाला जातो किंवा नुकताच मोठा आघात झालाय, त्यांनी हे एकट्याने अजिबात करू नका, आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. थेरपिस्टकडे जाणार असाल तर सरळ विचारा, जीआयएमचं ट्रेनिंग कुठून घेतलं आणि त्यात स्वतः ऐकणाऱ्याच्या जागी सेशन घेतलेत का, कारण या ट्रेनिंगमध्ये ते करावंच लागतं, दुसऱ्याला गाईड करण्याआधी स्वतः तिथे पडून ऐकावं लागतं.